हिवाळ्यात काचघरात फोटो काढताय? या चुका टाळा

जानेवारीत शिकागोमध्ये बाहेर उणे दहा अंश असताना गारफील्ड पार्क कन्झर्व्हेटरी या काचघराच्या पाम हाऊसमध्ये शिरलं, की जूनमधल्या कोकणासारखी दमट ऊब अंगावर येते. सोबत ओल्या मातीचा वास. कित्येक आठवडे हिरवं पान न पाहिलेल्या माणसाचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते.

गार कॅमेरा उघडला की लेन्सवर दव धरतं. आत २२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे १६ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणारच. पहिल्या भेटीत मी लेन्स मफलरने पुसत राहिले. पुसली की पुन्हा वाफ. त्यात बोटांचा तेलकटपणा मिसळला आणि नेच्यांचे (फर्नचे) सगळे फोटो दुधाळ आले. त्या दिवसाची हळहळ अजून आहे.

उपाय साधा आहे. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला, शक्य तेवढी हवा काढा आणि झिप घट्ट लावा. आत गेल्यावर अर्धा ते पाऊण तास पिशवी उघडू नका. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं, कॅमेरा आत सावकाश कोमट होतो. या काळात लेन्स बदलणं तर अजिबात नको, आतल्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर, ओल बसली तर दुखणं वाढतं. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवला असेल तर तो लवकर सावरतो.

तो पाऊण तास वाया जात नाही. कॅमेरा न काढता एक फेरी मारा. हे काचघर १९०८ साली खुलं झालं. डेन्मार्कहून आलेले उद्यानरचनाकार जेन्स जेन्सन यांनी इथे नुसत्या कुंड्या मांडल्या नाहीत, काचेखाली अख्खा निसर्गदेखावा उभा केला. फर्न रूममध्ये पाणी, दगड आणि नेचे अशा रीतीने रचले आहेत की प्राचीन काळातला इलिनॉय डोळ्यांपुढे यावा. तिथे फक्त एका पानाचा जवळून फोटो काढून पुढे जाणं मला चुकीचं वाटतं. गुडघ्यावर बसा, पुढे एखादं नेचं, मध्ये पाणी, मागे अंधुक झाडी अशी खोली पकडा.

अरॉइड हाऊसमध्ये आपल्या अळूचे भाऊबंद भेटतात. त्यांची तुकतुकीत पानं छताचं आकाश परावर्तित करतात आणि फोटोत पांढरे डाग येतात. लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर हळूहळू फिरवला की डाग विरतात आणि शिरा दिसू लागतात. मात्र तो दीड स्टॉपच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकाश खातो, हे लक्षात ठेवा.

प्रकाशाबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. लोक लख्ख उन्हाचा दिवस निवडतात. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो; छताच्या लोखंडी पट्ट्यांच्या लांब सावल्या पानांवर आडव्यातिडव्या पडतात. ढगाळ दिवस उत्तम, कारण अख्खं छत मऊ उजेड देतं. दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून अकरा ते दोन ही वेळ धरा.

ढगाळ दिवशी उजेड कमी, म्हणून शटर मंद ठेवणं ही त्यातून निघणारी चूक. पंख्याच्या झुळकीने पानं सतत हलत असतात. शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद ठेवू नका, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० झाला तरी चालेल. फोटोतले थोडे दाणे नंतर काढता येतात, हललेलं पान सुधारता येत नाही. ट्रायपॉड नेण्याआधी परवानगी विचारा. वाटा अरुंद असतात.

रोपवाढीचे जांभळट दिवे लागलेले असतील तर रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. रॉ स्वरूपात काढा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात, नाहीतर दिव्याच्या झोतातून बाजूला असलेलं झाड निवडा.

आणि फोटोसाठी पान वाकवू नका, फुलावर पाणी मारू नका. नको असलेली पाटी किंवा पाइप चौकटीतून घालवायला बहुतेक वेळा अर्धं पाऊल सरकणं पुरतं.

निघताना आधी मेमरी कार्ड काढून खिशात ठेवा, मग कॅमेरा पुन्हा पिशवीत बंद करा. घरी पोचल्यावर तो पिशवीतच तासभर राहू द्या. तोवर चहा घेत फोटो बघता येतात.