व्हेनिसला रिआल्तो मार्केटजवळ फ्लॅट घेताय? मग ही तयारी

सगळ्यात आधी बॅग, बाकीचं नंतर. रिआल्तोच्या आसपास गाडी येतच नाही, दारात सोडणारी कॅब वगैरे विसरा, जे काय आहे ते बोट आणि आपले पाय, मधे पूल आणि बहुतेक पुलांना पायऱ्या, वर जुन्या बिल्डिंगला लिफ्ट असेलच असं नाही. म्हणून एक अवजड ट्रॉली नेण्यापेक्षा माणशी एक लहान बॅग, जी स्वतःला जिन्यावरून उचलता येईल अशी. आईबाबा बरोबर असतील तर कितवा मजला ते बुकिंगच्या आधी विचारा, फोटोत जिना कोणी दाखवत नाही.

फ्लॅटचा पत्ता नीट बघा. तिथे घर नंबर गल्लीप्रमाणे नसतात, अख्ख्या भागाला सलग दिलेले असतात, त्यामुळे सान पोलो (बाजार आहे तो भाग) अमुक नंबर एवढ्यावर घर सापडायचं नाही, होस्टकडून गल्लीचं नाव आणि जवळचा बोटीचा स्टॉप लिहून घ्या. स्टेशनवरून येणार असाल तर व्हापोरेत्तोची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीची, 1 नंबर लाइन, स्टॉप रिआल्तो मेर्कातो, नुसता रिआल्तो नाही, तो पुलाच्या पलीकडे आहे आणि मग बॅगा घेऊन पूल चढावा लागतो.

कागदपत्रांत सगळ्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं होस्टला बंधनकारक आहे, तो मागणारच. सिटी टॅक्स बऱ्याचदा वेगळा द्यावा लागतो. 2024 पासून काही ठरावीक दिवशी एका दिवसापुरतं येणाऱ्यांना एंट्री फी असते, मुक्कामाला असलेल्यांना माफ आहे, पण त्या दिवसांत या माफीची नोंदणी ऑनलाइन करून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा.

आता खाऊ. तूप, पेढे, पनीर नेऊ नका, भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, ताजा कढीपत्तासुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. मेतकूट, पोहे, मालवणी मसाला, आमसुलं खुशाल न्या, मसाला तर न्याच, कारण खाली अख्खा मासळी बाजार आहे. पेस्केरियाची, म्हणजे या मासळी बाजाराची, ती कमानींची बिल्डिंग 1907 ची, पण बाजार त्याहून कितीतरी जुना, आणि कुठला मासा किमान किती लांबीचा असला तरच विकायचा ते सांगणारी जुनी दगडी पाटी अजून तिथे भिंतीवर आहे, ती शोधा. मासे रविवारी आणि सोमवारी मिळत नाहीत, त्यामुळे शनिवारी उतरणार असाल तर पहिल्या दोन दिवसांचं जेवण आधीच ठरवून ठेवा. बाकीच्या दिवशीही सकाळीच जायचं, दुपारी जाऊन धुतलेले ओटे बघण्यात काय मजा. भाजीवर 'नोस्त्रानी' लिहिलं असेल तर ती इथलीच, सांत एराज्मो बेटावरची वगैरे, वसंतात तिथले जांभळे आर्टिचोक मिळतात. आणि टोमॅटो दाबून बघायची आपली सवय विमानातच सोडा, भाजीला हात लावायचा नाही, बोट दाखवून मागायची.

घरात वीज जपून. इटलीत बऱ्याच घरांचं कनेक्शन फक्त 3 किलोवॅटचं असतं, एसी, वॉशिंग मशीन आणि किटली एकदम लावली की लाइट गेलीच, म्हणून मेन स्विच कुठे आहे ते पोचल्या पोचल्या विचारा. आपला तीन पिनचा प्लग तिथे लागत नाही, अडॅप्टर न्या. बाथरूममध्ये जेट नसला तरी बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं बेसिन असतं, आपल्या लोकांना हीच मोठी बातमी!

इअरप्लग विसरू नका, बाजाराशेजारच्या बारमध्ये रात्री उशिरापर्यंत गर्दी असते आणि पहाटे मालाच्या बोटी. नोव्हेंबरच्या सुमारास जात असाल तर भरतीचा अंदाज देणारं अ‍ॅप टाका, 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी मोझेचे दरवाजे मोठी भरती अडवतात, पण लहान भरतीला ते उचलत नाहीत, सान मार्को चौकात तेवढ्यानेही पाय भिजतात. कचऱ्याची पिशवी रात्री दाराबाहेर ठेवायची नाही, सीगल फाडून टाकतात, सकाळी न्यायला येतात तेव्हाच द्यायची. आणि थोडी युरोची नाणी वेगळी ठेवा, मासळी बाजारापासून पलीकडे नेणारी त्रागेत्तो नावाची नाव आहे, 2 युरोत मोठा कालवा पार होतो, गोंडोल्याचे भाव बघून आल्यावर ही आठवेल.