अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकर बघा

ट्यूबचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर की सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा), हे ठरवण्याआधी स्पीकरच्या माहितीपत्रकातली सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे ठरावीक पॉवरला तो किती डेसिबल आवाज देतो तो आकडा. ९४ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज ८४ डेसिबलवाल्यातून काढायचा तर दहापट वॅट लागतात. ३००बी या पॉवर ट्यूबचा सिंगल-एंडेड (दर चॅनलला साधारण एकच पॉवर ट्यूब असलेला) अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो. त्यावर ९४चा स्पीकर छान खुलतो. ८४चा मात्र आवाज जरा वाढवला की गुदमरतो. स्पीकरचा इम्पिडन्सही बघा, म्हणजे विजेच्या प्रवाहाला त्याचा होणारा विरोध. तो एखाद्या फ्रिक्वेन्सीला ३ ओहमपर्यंत उतरत असेल, तर सरळ दणकट सॉलिड-स्टेट घ्या. ट्यूबवर गायकाचा गळा फार गोड लागतो, हे मी मनापासून मानतो. पण पॉवर ट्यूब काही हजार तासांनी बदलाव्या लागतात आणि चटका बसेल इतक्या तापतात. घरात लहान मूल असेल तर वरून जाळी असलेलाच घ्या.