सुवर्णदुर्ग मागे जाईना

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहिलं की खाली समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो, त्याच्या पलीकडे हर्णैचा किनारा. तैलरंगातलं माझं पहिलं समुद्रचित्र इथलंच. किल्ल्याचा दगड काळा असतो हे डोक्यात पक्कं, म्हणून किल्ला काळा रंगवला. झालं! तो समोरच्या करवंदीच्या जाळीच्याही पुढे येऊन बसला.

डोळे किलकिले करून पाहिलं तेव्हा कळलं, किल्ला काळा नव्हताच. धुरकट, जांभळट राखाडी होता. मधल्या हवेतली वाफ, धूळ, मिठाचे कण उजेड पसरवतात, त्यामुळे लांबच्या गडद जागा उजळतात आणि निळसर होतात. पांढऱ्याचं मात्र वेगळं. दूरचा फेस निळा पडत नाही, जरासा पिवळसर मळतो. लांबच्या लाटेवर ट्यूबमधला कोरा टायटॅनियम व्हाइट लावलात, तर ती लाट अंगावर येते.

हल्ली मी आधी क्षितिजालगतच्या आकाशाचा रंग भरपूर कालवून ठेवतो: टायटॅनियम व्हाइट, थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा), ब्रशच्या टोकावर मावेल इतका बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). जवळच्या जांभ्यात तो अजिबात घालत नाही, किल्ल्यात निम्मा, पलीकडच्या किनाऱ्यात जवळजवळ तोच. ‘पांढरा घाल, फिकं होईल’ असं मलाही सांगितलं गेलं होतं. नुसत्या पांढऱ्याने चित्र खडू फासल्यासारखं दिसतं.

क्षितिजाला पट्टी लावू नका. आकाश ओलं असतानाच समुद्राच्या कडेवरून कोरडा, मऊ ब्रश एकदाच आडवा फिरवा. तैलरंगाचं सावकाश वाळणं इथे कामी येतं. पुढचे खडक शेवटी, जाड रंगात, नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, वरच्यांत जवसाचं तेल जास्त. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

पाऊस सरल्यावर धुतलेल्या हवेत किल्ल्याची तटबंदी स्पष्ट दिसते. तेव्हा खोली पकडणं नवख्याला जड जातं. थंडीतली धुरकट सकाळ बरी. कॅनव्हास १० × १२ इंचांहून मोठा नको, कड्यावरचा वारा त्याचं शीड करतो. माझं ईझल (कॅनव्हासची घोडी) एकदा पालथं झालं, तेही नेमकं रंगाच्या बाजूने. त्या चित्रात तिथली लाल माती अजून चिकटलेली आहे, आणि खरं सांगायचं तर पुढचा जांभा त्यातच सगळ्यांत चांगला उतरलाय.