गवताळ जमीन की शेत? खोटे बदल असे गाळले

ईएसए वर्ल्डकव्हरचे (युरोपीय अंतराळ संस्थेचे, कुठे कोणतं भू-आवरण आहे ते दाखवणारे) २०२० आणि २०२१ चे नकाशे एकमेकांतून वजा केले, की गवताळ (वर्ग ३०) आणि पीक (वर्ग ४०) यांच्यात भरमसाट अदलाबदल दिसते. त्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही नकाशांची वर्गीकरणाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे जमीन तशीच असूनही वर्ग बदलतो.

म्हणून मी नकाशा फक्त संशयित जागा हेरायला ठेवला आणि निकाल सेंटिनेल-२ उपग्रहांच्या एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) मालिकेवर सोडला. नांगरलेलं शेत आलेखात लपत नाही: पेरणीआधी उघडी माती, मग झपाट्याने चढ, कापणीला धाडकन खाली. गवत सावकाश पिवळं पडतं. कोरड्या भागात वाळलेलं गवतही मातीइतकंच खाली येतं, तेव्हा आकड्यापेक्षा उतार बघावा. चाऱ्यासाठी कापलेलं गवत खरं फसवं! तेही एकदम घसरतं, पण बुडखे जिवंत असल्याने न पेरताच लगेच वर येतं.

पडीक शेतांसाठी नियम कडक केला: सलग तीन वर्षं नांगर दिसला नाही, तरच ‘शेताचं गवत झालं’ म्हणायचं. उलट दिशेला, म्हणजे गवताचं शेत झालं म्हणायला, नांगरणी-पेरणीचा एक स्वच्छ हंगाम पुरे. बांधावरचे मिश्र पिक्सेल (नकाशाचे १० मीटर बाजूचे चौकोन, ज्यांत शेत आणि गवत दोन्ही येतं) त्रास देतात. अर्ध्या हेक्टरहून, म्हणजे ५० पिक्सेलहून लहान ठिपके सरळ उडवले.

बदललेलं क्षेत्रफळ पिक्सेल मोजून काढलं नाही. नकाशाचे ‘बदल’ आणि ‘बदल नाही’ असे स्तर (गट) पाडून त्यांत नमुना बिंदू टाकून ते डोळ्यांनी तपासले, आणि ‘बदल नाही’ या स्तरातही भरपूर बिंदू ठेवले, कारण निसटलेले बदल तिथेच सापडतात.