नोकरीत भेदभाव: इंदुरात कोणता अर्ज कोणत्या टेबलावर

‘माझ्याशी भेदभाव झाला’ एवढ्या वाक्यावर आपल्याकडे तक्रार उभी राहत नाही. खासगी नोकरीतल्या सगळ्या भेदभावाला बंदी घालणारा एकच कायदा भारतात नाही. बाईला पुरुषापेक्षा कमी पगार दिला तर एक कायदा, लैंगिक छळाला दुसरा, जातीवरून अपमानाला तिसरा, अपंगत्वाला चौथा. प्रत्येकाचं टेबल वेगळं आणि मुदतही वेगळी. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज कोणी फेटाळत नाही, तो नुसता पडून राहतो आणि तोवर खऱ्या टेबलाची मुदत संपते. चांगली प्रकरणं बहुतेक अशीच वाया जातात.

म्हणून पहिले दोन प्रश्न: नोकरी देणारा कोण, आणि काम कुठल्या जिल्ह्यात चालतं?

सरकारी नोकर असाल तर राज्यघटनेची समानतेची कलमं 14, 15 आणि 16 थेट तुमच्या बाजूनं आहेत. मध्यप्रदेश शासनाच्या कर्मचाऱ्यानं कलम 226 खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जायचं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा रस्ता केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे कॅटचा. त्याचं पीठ जबलपूरला आहे. तिथली मुदत अंतिम आदेशापासून 1 वर्ष. वरिष्ठांना निवेदन दिलं असेल तर उत्तराची 6 महिने वाट पाहायची आणि त्यानंतरच्या 1 वर्षात अर्ज लावायचा. इथे एक गैरसमज फार महागात पडतो: दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवलं की मुदत पुढे सरकते, असं लोक धरून चालतात. ती सरकत नाही.

खासगी कंपनीवर ही घटनेची कलमं थेट चालत नाहीत. तिथे वर सांगितलेल्या कायद्यांपैकी आपला कोणता, ते शोधावं लागतं.

जिल्ह्याचा प्रश्न तर खास इंदूरचाच. राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरातून रोज सकाळी कंपनीच्या बसनं पिथमपूरला जाणारा माणूस स्वतःला इंदूरचा नोकरदार समजतो. पण पिथमपूर धार जिल्ह्यात आहे. त्यामुळे श्रम कार्यालय धारचं आणि लैंगिक छळाची स्थानिक समितीही धारचीच. देवासला कामाला जाणाऱ्यांचंही तसंच. सांवेर रोड, विजयनगर, सुपर कॉरिडॉर ही ठिकाणं मात्र इंदुरातच. राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदुरात आहे म्हणून सगळे अर्ज तिथेच नेऊन देण्याची सवय आहे. ते चालत नाही, अर्ज कामाच्या जिल्ह्यातच द्यायचा. बँक, विमा आणि रेल्वेवाल्यांनी तर राज्याच्या श्रम कार्यालयात जाऊच नये, त्यांच्यासाठी केंद्राची श्रम यंत्रणा वेगळी आहे.

पुरावा: तुलना आणि तारीख

‘मला कमी मिळालं’ हे अर्धंच वाक्य झालं. ‘माझ्यासारखंच काम करणाऱ्या अमक्याला जास्त मिळालं, आणि आमच्यात फरक फक्त हा’ इथवर ते पोचलं पाहिजे. आधी अशी तुलनेची एक-दोन माणसं ठरवा: तेच पद, तेच मशीन किंवा तेच सॉफ्टवेअर, साधारण तेवढाच अनुभव, तीच जबाबदारी. समोरची बाजू पहिल्यांदा याच चार गोष्टींत फरक दाखवू पाहते.

रोजच्या नोंदी ठेवा, पण नीट ठेवा. ‘मॅनेजर नेहमी बायकांना टाकून बोलतात’ ही नोंद उलटतपासणीत दोन मिनिटं टिकत नाही. टिकणारी नोंद अशी असते:

‘12 मार्च, गुरुवार, दुपारी 3.40, दुसऱ्या मजल्यावरची मीटिंग रूम. हजर: मॅनेजर, मी, क्यू.सी.चे दोघे. मॅनेजरचे शब्द: लग्न झालेल्या बायकांना मी लाइन-लीडर करत नाही, सहा महिन्यांत सुट्टीवर जातात. 4.15 ला एच.आर.ला मेल केला.’

त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. तोंडी झालेल्या गोष्टीवर त्याच दिवशी साधा, न चिडलेला मेल टाकायचा: ‘आज दुपारच्या बैठकीत आपण असं म्हणालात. माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवावं.’ उत्तर आलं तर तो पुरावा, नाही आलं तर तेही पुढे सांगता येतं.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पुरेसे नसतात. ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते करताना मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. कंपनीच्या फायली किंवा सगळ्यांच्या पगाराची शीट स्वतःच्या खासगी मेलवर पाठवण्याचा मोह मात्र आवरा. गोपनीयता भंग केला म्हणून कंपनीला तुमच्यावरच चौकशी लावता येते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. स्वतःची नेमणूकपत्रं, पगारपत्रकं, मूल्यमापनाचे शेरे आणि तुम्हाला आलेले मेल एवढं गोळा करायला कोणाची हरकत नसते. अ‍ॅक्सेस बंद व्हायच्या आत त्यांच्या प्रती काढून ठेवा.

पगार आणि बढतीतला बाई-पुरुष फरक

समान मोबदला कायदा 1976 आता वेतन संहिता 2019 मध्ये मिसळला आहे. ही धरून चारही श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, तेव्हा अर्जात ‘वेतन संहिता 2019, कलम 3’ असंच लिहा. त्याच किंवा तशाच कामासाठी लिंगावरून कमी वेतन देता येत नाही, आणि भरती व सेवेच्या अटींतही फरक करता येत नाही. काम ‘तसंच’ आहे का, हे कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी यांवर ठरतं, पदाच्या नावावर नाही. एकाच लाइनवरच्या पुरुषाला ‘ऑपरेटर’ आणि बाईला ‘हेल्पर’ म्हणण्याची युक्ती जुनीच आहे. तिला उत्तर म्हणजे दोघांची शिफ्टशीट शेजारी शेजारी ठेवायची.

थकलेल्या फरकाचा दावा 3 वर्षांच्या आत लावता येतो आणि प्राधिकारी मूळ रकमेवर दहा पटींपर्यंत भरपाई लावू शकतो. या संहितेत मॅनेजर आणि सुपरवायझरही ‘कर्मचारी’ धरले जातात. आपण कामगार नाही, आपल्याला श्रम कार्यालय कशाला, असं म्हणून पांढरपेशा बायका इथे उगाच मागे राहतात.

गर्भारपण

हे टेबल त्यातल्या त्यात सोपं, कारण तारखाच बोलतात. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. दोन मुलं आधीच असतील तर 12 आठवडे. प्रोबेशन किंवा कंत्राट आहे म्हणून हा हक्क जात नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही तो आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात 2000 साली सांगितलं. या रजेत काढून टाकणं किंवा सेवाशर्ती बिघडवणं बेकायदा आहे. तसं झालंच तर आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत दाद मागा. पगारातून ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर रजेचे पैसे मालकाकडून नाही, ई.एस.आय.सी.कडून मिळतात.

गोम एकच: बातमी लेखी द्या. ‘सगळ्यांना माहीतच होतं’ यावर मालक हमखास म्हणतो, मला माहीत नव्हतं, मी कामगिरीवरून काढलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मेल आज गेला आणि कामगिरी खराब असल्याचं पहिलं पत्र तीन आठवड्यांनी आलं, तर पुढचं फारसं सांगावं लागत नाही.

लैंगिक छळ

2013 च्या कायद्यात मुदत सर्वांत तोकडी: शेवटच्या घटनेपासून 3 महिने. शेवटची घटना 5 जूनची असेल तर 5 सप्टेंबर. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ही तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती हवीच, नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. इंदूरमध्ये त्यासाठी मोती तबेल्यातलं कलेक्टर ऑफिस आणि महिला व बाल विकास विभाग.

तक्रारीच्या 6 प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. त्या काळात स्वतःची किंवा त्या माणसाची बदली आणि 3 महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, मात्र लेखी मागावी लागते. समितीसमोर दोघांपैकी कोणालाही वकील आणता येत नाही. समेट होऊ शकतो, पण पैशांवर नाही. निर्णय पटला नाही तर अपील 90 दिवसांत. आरोप सिद्ध करता आला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, ही भीती मनातून काढून टाका. ऑफिसच्या ग्रुपवर प्रकरण टाकू नका. नावं आणि तपशील उघड करायला कायद्यानंच बंदी आहे आणि त्याचा फटका तक्रारदारालाच बसतो.

‘बाई म्हणून बढती दिली नाही’ एवढीच तक्रार असेल तर हे तिचं टेबल नाही. बढतीच्या बदल्यात काही मागितलं, किंवा नकार दिला म्हणून बढती अडवली, तर मात्र आहे.

जात

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांसमोर जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ केली तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. करणारा त्या प्रवर्गांबाहेरचा हवा. इंदुरात यासाठी अजाक थाना, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींसाठीचं वेगळं पोलीस ठाणं आहे, पण एफ.आय.आर. कुठल्याही ठाण्यानं घ्यायला हवी. आधी चौकशी करून मग गुन्हा नोंदवू, हे उत्तर 2018 च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. ठाण्यात घेतलीच नाही तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांना पाठवा, इंदुरात डिसेंबर 2021 पासून आयुक्तालय आहे.

अडतं ते ‘लोकांसमोर’ या शब्दावर. बंद केबिनमध्ये दोघंच असतील तर हे कलम सहसा टिकत नाही. म्हणून कोण ऐकत होतं, दार उघडं होतं का, हे पहिल्याच जबाबात यायला हवं. नंतर आठवून सांगितलं की बनाव वाटतो. आणि महाराष्ट्रातून अलीकडे आलेल्या कुटुंबांसाठी: तिकडचा जातीचा दाखला मध्यप्रदेश शासनाच्या राखीव जागेवर चालत नाही. तो नाकारला म्हणजे भेदभाव झाला असं होत नाही, त्यावर वकिलाची फी घालवू नका.

अपंगत्वाचं थोडक्यात. 2016 च्या कायद्यानं सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावं लागतं. ‘सोय करावी’ असं मोघम लिहू नका, ‘तळमजल्यावर टेबल’, ‘स्क्रीन-रीडर’ असं नेमकं मागा. दाद भोपाळला आयुक्त निःशक्तजन, म्हणजे अपंगांसाठीच्या आयुक्तांकडे. एच.आय.व्ही. आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2017 आणि 2019 चे कायदे आहेत आणि ते खासगी नोकरीलाही लागतात.

धर्म, भाषा, प्रांत किंवा वय यावरून खासगी कंपनीनं डावललं तर? मराठी आहेस म्हणून बढती नाही, असं कोणी म्हटलं तरी त्यावर थेट बोट ठेवता येईल असं कलम नाही. तिथे नेमणूकपत्रातल्या अटी, कंपनीची स्वतःची आचारसंहिता आणि 20 किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती एवढ्यावरच भागवावं लागतं. या समितीकडे अर्ज 1 वर्षाच्या आत द्यायचा.

काढलंच तर

कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत असाल तर श्रम खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे 2 वर्षांच्या आत जा. तिथे नाही मिटलं तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरण. मॅनेजर, आणि 18,000 रुपयांवर पगार असलेले सुपरवायझर, यात येत नाहीत. त्यांना दिवाणी दावा, आणि त्यात पुन्हा नोकरी नव्हे, बहुधा नोटीस काळाच्या पगाराएवढीच भरपाई मिळते. म्हणूनच राजीनामा देऊ नका. ‘रेकॉर्ड खराब होऊ नये म्हणून तूच दे’ असं समजावलं जातं आणि सही झाली की काढून टाकल्याचा मुद्दाच संपतो. सही करावीच लागली तर त्याच दिवशी मेल टाका की ती दबावाखाली झाली.

अर्ज हिंदीत द्या. मराठी नोंदवहीची हिंदी प्रत शेजारी जोडा, मूळ वही मात्र तशीच ठेवा. कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तर न ठेवता स्पीड पोस्टनं पाठवा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे, तेव्हा पोचल्याचा पुरावा वेगळा मागून घ्या.

वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण (मोफत वकील देणारं कार्यालय) किंवा 15100 हा मदतीचा फोन क्रमांक. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार, नेमणूकपत्र, शेवटची तीन पगारपत्रकं आणि घटनांची एक पानी तारीखवार यादी न्या. वकील यादी आधी वाचतो.