नॉर्डिक क्राइम वाचायला सुरुवात कशी करायची? गजाल म्हणून!

एक जून आला की आमच्याकडे देवगडला बोटी वर ओढतात, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि माझा नॉर्डिक क्राइमचा, म्हणजे स्वीडन-नॉर्वे-आइसलँडकडच्या खूनकथा वाचायचा, सीझन चालू होतो. नॉर्वेत म्हणे हाच सीझन ईस्टरला असतो, लोक डोंगरातल्या झोपडीवजा घरांत सुट्टीला जातात आणि खूनकथा वाचतात, दुधाच्या पाकिटावरसुद्धा छोटी गुन्हेकथा छापलेली असते. १९२३ साली एका कादंबरीची जाहिरात पेपरात पहिल्या पानावर बातमीच्या मथळ्यासारखी छापली, बर्गेनची ट्रेन रात्री लुटली म्हणून, लोकांना खरंच वाटलं, तेव्हापासूनची ही प्रथा.

तर मुद्दा. मला दोन-तीन मित्रांनी सांगितलं की बाबा तुझी ती पुस्तकं पन्नास पानांच्या पुढे जात नाहीत, काही घडतच नाही. आता आपण बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळा पहाड ऐकत वाढलेली माणसं, पान उलटलं की कोणीतरी खिडकीतून उडी मारायला पाहिजे ही आपली सवय. ती सवय घेऊन इथे गेलात तर कंटाळणारच. ही पुस्तकं कोडं म्हणून वाचायचीच नाहीत, गजाल म्हणून, म्हणजे आमच्या मालवणी गप्पा म्हणून वाचायची. गजालीत मूळ गोष्ट पाच मिनिटांची असते आणि रात्र जाते ती कोणाचं घर, कोणाची जमीन, कोण मुंबईला गेला ह्यात, तसंच.

सुरुवात माय शोवाल आणि पेर वालो ह्या जोडीपासून करा. १९६५ ते १९७५, दहा वर्षांत दहा पुस्तकं, हिरो मार्टिन बेक, घरी जहाजांची मॉडेल्स बनवत बसणारा, पोटाचा त्रास असूनही कॉफी ढोसणारा पोलीस. पहिलं पुस्तक 'रोझाना'. कालव्यातला गाळ काढताना एका बाईचं प्रेत वर येतं, पहिल्याच पानावर, आणि लगेच लेखक काय सांगत बसतात तर तो गाळ उपसायचा की नाही ह्यावर कुठल्या ऑफिसातून कुठल्या ऑफिसात कागद फिरले! मी हे पान आमच्या एका काकांना वाचून दाखवलं, त्यांची उभी हयात खाडीत गेलेली, ते हसून म्हणाले, हो, गाळ असाच निघता. इथे हसू आलं ना, की समजा तुम्हाला हे पुस्तक लागलं.

मग हेनिंग मांकेल, १९९१ चं 'फेसलेस किलर्स'. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्टाड नावाचं छोटं बंदर, त्याच्या बाहेर एका आडबाजूच्या घरात म्हातारा-म्हातारी. पहाटे शेजारच्या म्हाताऱ्याला जाग येते आणि त्याला कळेना काय चुकतंय, तर त्यांची घोडी खिंकाळली नाही. बास. मला तर वाडीतली तीन-चार घरं आठवली, दोन म्हातारी माणसं आत, पोरं मुंबईला, आणि सकाळी पंपाचा आवाज आला नाही की शेजारी गडग्यावरून हाक मारणार. ह्या पुस्तकांची खरी भीती रक्तात नाही, तिथे आहे.

नावांना घाबरू नका, मोठ्याने म्हणा. इंग्रजी J दिसला की य, A च्या डोक्यावर गोल दिसलं (Å) की ओ. नॉर्वेच्या यू नेस्बोचा डिटेक्टिव्ह हॅरी 'होल' नाही, हूले. आणि नेस्बो क्रमानेच घ्या, कारण इंग्रजीत पाचवं पुस्तक आधी आलं, मग तिसरं, आणि पहिलं तर २०१२ ला, मी उलटसुलट वाचून एका माणसाचं मरण आधी आणि लग्न नंतर असं करून ठेवलं होतं. लाईट बिलाच्या मागे नावं लिहून ठेवा, कोण कोणाचा कोण, तेच बुकमार्क म्हणून चालतं.

भाषांतर कोणाचं ते बघा, हे महत्त्वाचं. स्वीडनचा लेखक स्टीग लार्सन २००४ ला गेला, त्याचं पुस्तक २००५ ला आलं, मूळ नावाचा अर्थ 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष', इंग्रजीत त्याची झाली 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू', म्हणजे टॅटूवाली मुलगी! भाषांतरकार स्टीव्हन मरे ह्याला संपादनातले बदल पटले नाहीत म्हणून त्याने स्वतःचं नावच घातलं नाही, रेग कीलँड हे टोपणनाव दिलं. आणि एक गोष्ट इंग्रजीत पूर्ण हरवते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी अहोजाहो सोडून सरसकट अरेतुरे सुरू केलं, साहेबालासुद्धा. इंग्रजीत सगळेच 'यू', काय कळणार. मराठीत आपल्या मनात वाचताना मात्र कोण कोणाला अहो आणि कोण अरे, हे ठरवावं लागतं.

आइसलँडचा अर्नाल्डुर इंद्रिदासोन शेवटी ठेवा (आइसलँड स्कँडिनेव्हियात येतं की नाही ह्यावर भांडू नका, नॉर्डिक म्हणा आणि सुटा). त्याच्या एर्लेंडुरचा धाकटा भाऊ लहानपणी बर्फाच्या वादळात हरवला तो मिळालाच नाही, म्हणून हा आयुष्यभर हरवलेल्या माणसांच्या गोष्टी वाचत बसतो. समुद्रावर गेलेलं माणूस परत न आलेलं घर ज्याने बघितलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

शेवटची टीप, एकट्याने वाचू नका, रोज वाचलेलं घरात कोणाला तरी सांगा. मी 'रोझाना' लाईट गेल्यावर आईला सांगायचो. पहिल्या रात्री ती वैतागली, "मारल्यान कोणी ता आधी सांग मरे." मी सांगितलं नाही. आठव्या रात्री मी पुस्तक घेऊन बसलो तर तिने खुन्याचं नाव काढलंच नाही, म्हणाली, "त्या बेकाचा पोट बरा झाला काय? तेका सांग, कॉपी सोड नि सकाळची पेज जेव."