अर्जुनाची साल: निवड, क्षीरपाक आणि घ्यायची काळजी

अर्जुनाची साल हृदयाला चांगली असते, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. ती कोणत्या झाडाची, किती, कशात शिजवून घ्यायची आणि कोणी घ्यायचीच नाही, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हृदयविकाराचे निदान झालेल्या माणसाने ही साल चालू औषधांच्या जोडीला आणि डॉक्टरांच्या कानावर घालूनच घ्यायची असते. त्या औषधांच्या जागी ती कधीही चालत नाही. पुढचे सारे ही अट मान्य आहे असे धरूनच लिहिले आहे.

खरी साल कशी ओळखावी

अर्जुन किंवा अर्जुनसादडा हा हिरडा आणि बेहडा यांच्याच कुळातला मोठा वृक्ष असून तो नदी-ओढ्यांच्या काठाने चांगला वाढतो. त्याच्या फळाला लांबीच्या दिशेने पाच पंख असतात. खोडाची साल पांढुरकी करडी आणि गुळगुळीत असते व ती मोठ्या, पातळ पापुद्र्यांनी सुटून येते. त्याचाच जवळचा नातेवाईक म्हणजे ऐन. काही भागांत ऐनालाही सादडाच म्हणतात आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. ऐनाची साल काळपट असून तिच्यावर मगरीच्या पाठीसारख्या खोल, चौकोनी भेगा असतात, त्यामुळे उभ्या झाडांपाशी दोहोंत गफलत होणे कठीण आहे. विदर्भात टसर रेशमाचे किडे ऐन आणि अर्जुन या दोन्ही झाडांवर पाळले जातात. तिथल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. अडचण येते ती शहरातल्या गिऱ्हाइकाची, कारण त्याच्या हातात झाड नव्हे, पुडी पडते.

म्हणूनच, शक्य असेल तर चूर्ण न घेता सालीचे तुकडे विकत घ्यावेत असे माझे ठाम मत आहे. चांगला तुकडा चपटा किंवा किंचित वळलेला असतो. त्याची बाहेरची बाजू करडी व बरीचशी गुळगुळीत, तर आतली बाजू तांबूस आणि बारीक उभ्या रेघांची असते. जिभेला तो स्वच्छ तुरट लागतो. बाहेरून खडबडीत, काळे आणि भेगाळलेले तुकडे मिसळलेले दिसले, तर तो माल परत करावा. बुरशीचा वास, पांढरी लव किंवा भुंग्यांनी पाडलेली भोके दिसली तरीही तेच करावे. चूर्णाच्या बाबतीत रंग आणि चव यांवरून काहीच ठरवता येत नाही, कारण ऐनाची सालही तुरटच असते. चूर्णच घ्यायचे असेल, तर वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली आहे ना, एवढे तरी पाहून घ्यावे. सुट्या पिशवीतले, नाव-गाव नसलेले चूर्ण हृदयरोग्याने घेऊ नये.

ज्यांच्या शेताच्या बांधावर हे झाड आहे, त्यांनी खोडाभोवती पूर्ण वेढा घेऊन साल कधीही काढू नये, कारण त्याने झाड मरते. एका बाजूचा उभा पट्टा, तोही बाहेरचा आणि मधला थरच काढावा आणि लाकडाला चिकटलेला आतला थर तसाच राहू द्यावा, म्हणजे जखम पुन्हा भरून येते. काढलेली साल सावलीत कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवावी.

कशासाठी वापरतात आणि किती अपेक्षा ठेवावी

चरकसंहितेत अर्जुन येतो तो अंगावर उठणाऱ्या गांधींवरच्या दहा द्रव्यांमध्ये. हृदयरोगावर दुधात शिजवलेली साल अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात सांगितली आहे आणि आजची घरगुती पद्धत मुख्यतः त्याच वाटेने आलेली आहे. याशिवाय हाड मोडल्यावर देण्यात येणाऱ्या लाक्षादि गुग्गुळात ही साल असते, आणि चेहऱ्यावरच्या वांगांना ती मधात उगाळून लावण्याची पद्धतही जुनी आहे. तुरटपणामुळे हिरड्यांतून रक्त येत असताना तिच्या काढ्याच्या गुळण्या करतात. हे बाहेरचे वापर तुलनेने निर्धोक आहेत. लेप लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस वाट पाहिली की पुरते.

हृदयाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊन बोलले पाहिजे. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, नेहमीच्या औषधांना पुरेशी दाद न देणाऱ्या तीव्र हृदयदौर्बल्याच्या (हार्ट फेल्युअरच्या) 12 रुग्णांना त्या औषधांच्या जोडीला सालीचा अर्क दर आठ तासांनी 500 मिलिग्रॅम दिला गेला आणि त्यांच्या लक्षणांत सुधारणा दिसली. पुढे 2016 साली 100 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात 12 आठवडे 750 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा देऊनही हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली नाही. यावरून साल निरुपयोगी ठरत नाही. पण "ब्लॉकेज विरघळते", "अँजिओप्लास्टी टळते" असे जे संदेश मोबाइलवर फिरत असतात, त्यांना या अभ्यासांत कसलाही आधार नाही. हृदयरोग किंवा रक्तदाब बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, 1954 यानुसार मुळात निषिद्ध आहे, हेही अशा पुड्या विकत घेताना आठवावे.

क्षीरपाक करण्याची रीत

क्षीरपाकाचे, म्हणजे दुधात शिजवलेल्या औषधाचे, शास्त्रोक्त प्रमाण सोपे आहे: औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून केवळ दूध उरेपर्यंत शिजवणे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात अर्जुनाच्या सालीची मात्रा चूर्णरूपात 3 ते 6 ग्रॅम दिलेली आहे. तेव्हा 5 ग्रॅम भरड घेतली, तर दूध 40 मिलिलिटर आणि पाणी 160 मिलिलिटर लागेल. चमच्याच्या अंदाजावर विसंबू नये. भरड किती जाडी आहे यावर चमचाभर मालाचे वजन बरेच बदलते, म्हणून पहिल्यांदा तरी वजनकाट्यावर मोजावे.

साल खलबत्त्यात कुटून तिची भरड करावी. वस्त्रगाळ चूर्ण इथे नको, कारण ते तळाशी बसून करपते आणि गाळणीतूनही खाली उतरते. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नाही. सालीतली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्ये, लोखंडाशी मिळून काढा काळाकुट्ट करतात. प्रथम रिकाम्या भांड्यात नुसते 40 मिलिलिटर दूध ओतावे आणि त्यात एखादी स्वच्छ बांबूची काडी उभी धरून दुधाची पातळी जिथे येईल तिथे खूण करावी. मग पाणी आणि भरड घालून मंद आचेवर ठेवावे. उकळी आली की ढवळत राहावे, नाहीतर साय धरते आणि पाणी आटायला उशीर होतो. रंग हळूहळू फिकट गुलाबी ते तांबूस होत जातो. मधून मधून काडी बुडवून पाहावी आणि पातळी खुणेपर्यंत उतरली की आच बंद करून दुहेरी फडक्यातून गाळावे. चोथाही घट्ट पिळावा. दूध ताजेच असावे. शिळे असेल तर आटताना नासते.

क्षीरपाक रोज ताजा करून कोमट असतानाच घ्यावा. खडीसाखर घालण्याची प्रथा आहे, पण मधुमेह असलेल्यांनी ती पाळू नये. दूध सोसत नसेल तर काढा करता येतो: तेवढीच भरड 16 पट पाण्यात, म्हणजे 80 मिलिलिटरमध्ये, उकळून एक चतुर्थांश उरवावी. काढा अधिक तुरट लागतो आणि रिकाम्या पोटी काहींना मळमळते, म्हणून माझा कल क्षीरपाकाकडेच आहे. हृदयदौर्बल्यामुळे ज्यांना दिवसभरातले द्रव मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी हे दूध किंवा काढाही त्या मोजणीत धरावा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

बाजारात मिळणारे अर्जुनारिष्ट हे वेगळे प्रकरण आहे. त्यात सालीबरोबर मनुका, मोहाची फुले, धायटीची फुले आणि गूळ असतो, आणि आंबवण्याच्या क्रियेत त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. म्हणून मधुमेही, यकृताचे रुग्ण, मद्य सोडलेले लोक आणि लहान मुले यांनी ते वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अर्काच्या कॅप्सूलमध्ये साल संहत रूपात असते, त्यामुळे चूर्णाची मात्रा ग्रॅमला ग्रॅम तिला लावता येत नाही. वेष्टनावरची मात्राच प्रमाण मानावी. आणि यांपैकी एका वेळी एकच प्रकार घ्यावा. सकाळी क्षीरपाक, दुपारी कॅप्सूल, रात्री अरिष्ट असा मारा करून काहीही साधत नाही.

कोणी घेऊ नये, कोणी विचारून घ्यावी

वॉरफरिन किंवा असिट्रोम यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी सर्वांत अधिक जपले पाहिजे. यकृतातली जी विकरे (एन्झाइम्स) अशा अनेक औषधांचा निचरा करतात, त्यांपैकी काहींना सालीचा अर्क प्रयोगशाळेत अडथळा करताना दिसला आहे. माणसाच्या शरीरात हा परिणाम किती होतो याचा अंदाज घरी बांधता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिलीच, तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी कधी करायची हे साल सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. स्टेंट बसवल्यानंतर क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांच्या परवानगीशिवाय साल घेऊ नये. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून साल सुरू करणे जिवावर बेतू शकते, कारण स्टेंटमध्ये गुठळी होण्याला वेळ लागत नाही.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर साल सुरू करण्याआधी काही दिवस आणि सुरू केल्यानंतर काही आठवडे, रोज ठरावीक वेळी रक्तदाब मोजून वहीत लिहावा. उठताना चक्कर येऊ लागली किंवा आकडे नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले, तर साल थांबवून डॉक्टरांना वही दाखवावी. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखरेवरही अशीच नजर ठेवावी. थायरॉइडची ग्रंथी मंद असलेल्यांनीही सावध राहावे, कारण उंदरांवरच्या प्रयोगांत या सालीने थायरॉइडची संप्रेरके कमी झाल्याचे आढळले आहे.

सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक भरपूर असतात. मुतखड्याचा त्रास वारंवार होणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय ती घेऊ नये. टॅनिन्स लोहाच्या शोषणात आड येतात, म्हणून लोहाची गोळी आणि साल यांच्यामध्ये निदान दोन तासांचे अंतर असावे. गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नसल्याने टाळणेच योग्य. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर सर्जनला आधीच सांगावे. साधारणपणे दोन आठवडे आधी साल बंद केली जाते.

नेहमी दिसणारा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ, आणि तो तुरट द्रव्याचा स्वाभाविक परिणाम आहे. मात्रा कमी करून, पाणी आणि पालेभाज्या वाढवून तो बहुधा आवरतो. पोटात जळजळ, मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न लागणे अशा तक्रारीही नोंदल्या गेल्या आहेत. अंगावर पुरळ आले, काळी शौच झाली, कारण नसताना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर साल त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठावा.

छातीत दाब किंवा जळजळ, ती डाव्या हातात किंवा जबड्यात पसरणे, दरदरून घाम, अचानक धाप ही लक्षणे दिसली तर काढा उकळत बसू नये. तातडीने 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. या वेळी साल, लसूण किंवा मोबाइलवर आलेला कुठलाही उपाय देण्यात गेलेली मिनिटे हृदयाच्या स्नायूला भोवतात.

साल किती काळ घ्यायची याचा निर्णय सुरुवातीलाच करावा. तीन महिन्यांनी डॉक्टर आणि वैद्य या दोघांना वही दाखवून पुढचे ठरवावे, वर्षानुवर्षे सवयीने घेत राहू नये. या काळात काही विपरीत परिणाम जाणवलाच, तर ज्या वैद्यांनी साल दिली त्यांना वेष्टनासकट जाऊन सांगावे, कारण आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा आयुष सुरक्षा हा केंद्र सरकारचा उपक्रम आहे आणि वैद्यांमार्फत अशी तक्रार तिथे पोहोचवता येते. वेष्टनावरचा बॅच क्रमांक त्या नोंदीसाठी लागतो, म्हणून साल संपेपर्यंत ते टाकून देऊ नये.